डाव्या चाकाचा लायनर

जामनेर तालुक्यातल्या एका लहान गावाबाहेर, रस्त्याला लागून, नऊ एकरांचं काळं वावर आहे. कपाशी निघून पऱ्हाटी उपटली गेली की वैशाखाच्या तोंडाशी ते नांगरलं जातं. त्या दिवसांत रस्त्याने जाणारी माणसं तिथे थांबतात. मी स्वतः थांबलो आहे. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी हळू करून खिडकीतून बघत गेलेला पाहिला आहे. बघण्यासारखं तिथे दुसरं काही नाही, फक्त तास आहेत. नांगराचा फाळ जमिनीत जी लांब चर काढत जातो तिला तास म्हणतात. या वावरातला तास एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, साधारण तीनशे पावलं, ताणलेल्या दोरीसारखा जातो. कुठे पोट नाही, कुठे बाक नाही. त्याच्या शेजारचा तसाच. त्याच्या शेजारचाही तसाच.

हे तास नाना काढतात. नानांचं आडनाव आणि गाव मी देत नाही, तशी बोली झाली आहे.

मी अडतीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्यातली सतरा वर्षं जळगावच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्याही पाठवल्या. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालत. बातमीच्या कागदावर ग्रीसचा अंगठा उमटलेला असे. उपसंपादक म्हणायचे, "तुम्ही सही करू नका, अंगठा पुरे आहे." त्या माणसाने मला चार गोष्टी शिकवल्या. आधी कोण आणि कुठे ते सांग. आकडा मोजल्याशिवाय लिहू नकोस. विशेषण दिसलं की खोड. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात ठेव. या लेखात चौथा नियम मी मोडतो आहे. त्याचं कारण त्याच्या जागी येईल.

गॅरेज आता बंद केलं. शेवटचं मोठं काम नानांच्या ट्रॅक्टरचं होतं. जुन्या ट्रॅक्टरचे झिजलेले ब्रेक लायनर बदलायचे, एवढंच.

ज्यांनी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. मोटारीला ब्रेकचं एक पायडल असतं. ट्रॅक्टरला दोन असतात, दोन्ही उजव्या पायाशी, शेजारी शेजारी. एक मागच्या डाव्या चाकाचं, दुसरं मागच्या उजव्या चाकाचं. शेतात तास संपला की बांधाजवळ वळायला जागा नसते. तेव्हा फक्त उजवं पायडल दाबायचं. उजवं चाक जागच्या जागी थांबतं आणि सगळा ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरतो, जात्याच्या मधल्या खुंटीभोवती वरची पाळू फिरते तसा. डावीकडे वळायचं तर डावं पायडल. रस्त्यावर आलं की मात्र दोन्ही पायडलं एकत्र दाबली गेली पाहिजेत. त्यासाठी दोघांना जोडणारी लोखंडी पट्टी असते. आमच्याकडे तिला खटका म्हणतात. शेतात खटका काढायचा, रस्त्यावर लावायचा. चाळीस किलोमीटरच्या परिसरात मी पाहिलेले निम्मे अपघात या एका वाक्यात आहेत.

एकदा बोदवडच्या रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रॉलीसकट एक ट्रॅक्टर नाल्यात गेला. माणूस वाचला, केळी गेली. मी बातमी पाठवली: 'ब्रेक निकामी झाल्याने ट्रॅक्टर नाल्यात.' दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर माझ्याकडे दुरुस्तीला आला. ब्रेक उत्तम होते. खटका लावायचा राहिला होता. चालकाने घाईत एकच पायडल दाबलं, एकच चाक थांबलं आणि ट्रॅक्टर शेतात वळावा तसा रस्त्यावर वळला. मी चूक दुरुस्त करणारी बातमी पाठवली नाही. 'ब्रेक निकामी झाल्याने' हे तीन शब्द मी त्यानंतरही लिहीत राहिलो, कारण ते जागेत बसत.

आता लायनर. चाकाच्या आत लोखंडी ड्रम असतो, ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू. शूवर जो जाड, करडा थर रिव्हेट मारून बसवलेला असतो तो लायनर. पायडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो, चाक थांबतं. दर वेळी तो थोडा झिजतो. झिजत झिजत रिव्हेटपर्यंत आला की धातूवर धातू घासतो आणि ट्रॅक्टर खर्र आवाज करतो. शहाणा माणूस पहिल्या आवाजाला येतो. वरणगावकडचे एक आबा दोन महिन्यांनी आले. ड्रम उघडला तर आत लायनरच्या जागी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून बसवलेला. मी म्हटलं, "आबा, हे काय?" आबा म्हणाले, "दोन दिवस लई भारी चालला. मग बायको म्हणे, भाकरी करपली. घरात चूलच नव्हती पेटलेली."

हसून झाल्यावर एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ड्रम उघडला की आत राखेसारखी बारीक धूळ साठलेली असते. ती आम्ही वर्षानुवर्षं तोंडाने फुंकली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते आम्हाला उशिरा कळलं. माझ्याबरोबर एकवीस वर्षं काम केलेला कारागीर खोकत गेला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर धुळीचा उल्लेख नाही, म्हणून मीही जास्त लिहीत नाही. शेवटची दहा वर्षं मी ओल्या फडक्याने पुसत असे.

नाना माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा गॅरेज नवं होतं. त्यांचा ट्रॅक्टर तेव्हाच जुना होता. परदेशी बनावटीचा, लाल रंग उडून विटकरी झालेला, त्यांच्या वडिलांनी कुणाकडून तरी घेतलेला. नाना मूळचे धुळ्याकडचे, इकडे जमीन घेऊन आलेले. बोली अजूनही अहिराणी, तिच्यात सगळ्याला बठ्ठं म्हणतात. उंच, ताठ, डाव्या भुवईवर आडवा व्रण. त्यांच्याबरोबर अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, डाव्या मडगार्डवर बसून आल्या होत्या. पुढे तीस-पस्तीस वर्षांत मी तो ट्रॅक्टर रस्त्यावर अक्कांशिवाय पाहिला नाही. बाजार असो, कापसाचं जिनिंग असो, लग्न असो, अक्का डाव्या मडगार्डवर, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने मडगार्डची कड धरून बसलेल्या. फाटा आला की त्या मोठ्याने म्हणत, "मोकयं शे!" म्हणजे मोकळं आहे. ट्रॉली जोडताना मागे उतरून हात करत आणि त्यांनी म्हटल्याशिवाय नाना ट्रॅक्टर मागे घेत नसत. जिनिंगच्या आवारात यावर कायमची थट्टा चाले. एकदा माझ्यासमोर कुणीतरी ओरडलं, "नाना, रिव्हर्स गिअर अक्काना पदरले बांधेल शे का?"

नाना म्हणाले, "बठ्ठाच गिअर बांधेल शेतस. तुन्हा कोठे बांधेल शेतस, ते घर जाईसन देख."

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या डावीकडे बघत होत्या.

त्या पहिल्या खेपेला मी दोन्ही चाकं काढली. उजव्या चाकाचे लायनर रिव्हेटपर्यंत गेलेले होते. डाव्या चाकाचे जवळजवळ नवे. थोडा फरक सगळ्याच ट्रॅक्टरमध्ये दिसतो, कारण साधा नांगर माती उजवीकडे टाकतो आणि त्या हिशेबाने माणूस एका बाजूला जास्त वळतो. पण इथे एक बाजू सोळा आणे आणि दुसरी जेमतेम दोन आणे. मी म्हटलं, "नाना, कधी डावीकडेही वळत जा. एकाच अंगाने झिजतोय."

नाना म्हणाले, "डावाकडे काय शे रे भाऊ? जे शे ते उजवाकडे."

मला ते उत्तर मजेशीर वाटलं. लायनर जोडीनेच बदलायचे असा नियम, म्हणून डावीकडचेही काढून नवे बसवले. काढलेल्यांपैकी एक डावा लायनर इतका चांगला होता की टाकवला नाही. तो मी टेबलावर ठेवला. पंख्याने बातमीचे कागद उडू नयेत म्हणून सतरा वर्षं मी तो माझ्या बातम्यांवर ठेवत आलो.

मधल्या काळात मी नानांवर एक बातमीही केली. त्यांचे तास बघून कृषी खात्याचे एक अधिकारी थक्क झाले होते, तेवढं निमित्त पुरलं. कॅमेरा घेऊन वावरात गेलो. नाना ट्रॅक्टरवर, अक्का डाव्या मडगार्डवर. वावरात त्या एरवी बसत नसत, फोटोसाठी बसल्या. मी समोरून फोटो घ्यायला गेलो तर नाना म्हणाले, "या बाजूनी काढ," आणि उजवा गाल केला. तास सरळ कसा येतो म्हणून विचारलं. त्यांनी समोरच्या बांधावर काठीला बांधलेली पांढरी चिंधी दाखवली. रेडिएटरचं झाकण आणि ती चिंधी एका रेघेत ठेवायची, नजर हलवायची नाही. मी तसंच लिहिलं. बातमी चार ओळींची छापून आली. फोटो एका कॉलमात बसवायचा होता, म्हणून कार्यालयात तो डावीकडून कापला. अक्का फोटोतून गेल्या. मला त्यात गैर वाटलं नव्हतं. बातमी नानांची होती.

दुसऱ्या खेपेला, पंधराएक वर्षांनी, ड्रमच्या आत तेच दिसलं. उजवे संपलेले, डावे शाबूत. मी पुन्हा तेच बोललो, नाना पुन्हा तेच बोलले. माणसाच्या सवयी, म्हणून मी ड्रम बंद केला.

तिसरी खेप गेल्या वैशाखातली. अक्का त्याच्या आधीच्या थंडीत वारल्या होत्या. या वेळी ट्रॅक्टर नानांनी आणला नाही. त्यांचा मुलगा दिलीप चालवत घेऊन आला आणि नाना त्याच्या मागून कुणाच्या तरी रिक्षाने आले. दिलीप पन्नाशीचा, केळीचा शेतकरी, घरी नवा ट्रॅक्टर. तो उतरला तो हात झटकतच.

"भाऊ, हा डबा चालवणं म्हणजे रेड्यावर बसणं. पुलाच्या उतारावर थांबतच नव्हता. मी नानांना सांगून टाकलंय. ब्रेक झाले तर ठेवू, नाही तर आठवड्याच्या बाजाराला भंगारवाला येतो तेव्हा देऊन टाकू. आणि खरं सांगू का, तुम्ही 'होत नाही' म्हणालात तर माझी सुटका होईल. शहात्तर वर्षांचा माणूस, कोण रोज जीव टांगून बसेल?"

नाना मागे उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, बठ्ठं काढ, बठ्ठं देख. मंग बोल." एवढंच. दिलीप निघून गेला आणि नाना खाटेवर बसून राहिले.

त्या ट्रॅक्टरचे तयार लायनर आता मिळत नाहीत. मी धुळ्याला एका जुन्या दुकानात गेलो. तिथे लायनरची सलग पट्टी मिळते, ती शूच्या मापाने कापून भोकं पाडावी लागतात. दुकानदाराने शू हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्याचा मालक अजून आहे?"

"मालक आहे."

"आणि ट्रॅक्टर?"

"तेच बघायचंय."

दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. मागची चाकं काढून ट्रॅक्टर लाकडी ओंडक्यांवर घेतला. ड्रम गंजून बसले होते, कडेने ठोकत ठोकत सोडवले. ओल्या फडक्याने पुसून चारही शू पोत्यावर मांडले, उजवीकडचे दोन उजवीकडे, डावीकडचे दोन डावीकडे. तिसऱ्यांदा तेच चित्र. या वेळी मी पायडलंही पाहिली. उजव्याचा पत्रा झिजून आरशासारखा गुळगुळीत. डाव्यावर ओतकामाच्या वेळच्या चौकड्या अजून हाताला लागत होत्या.

नाना खाटेवर बसून बघत होते. मी चहा मागवला. त्यांचा कप त्यांच्या शेजारी खाटेच्या कडेवर ठेवला आणि कामाला लागलो. रिव्हेट छिन्नीने उडवायला वेळ लागतो. अर्ध्या तासाने नाना म्हणाले, "चहा सांगेल व्हता ना रे भाऊ?"

मी वर पाहिलं. कप तिथेच होता, त्यांच्या डाव्या मांडीपासून वीतभर. साय धरलेला.

छिन्नी हातातच राहिली. त्यानंतरचा क्षण मी जसा घडला तसा लिहितो. मी कपाकडे पाहिलं. मग त्यांच्या डाव्या भुवईवरच्या व्रणाकडे. मग पोत्यावरच्या डाव्या लायनरकडे. मग ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डकडे, जिथे पत्र्याचा रंग एका माणसाच्या बसण्याइतका उडालेला होता. कप सोडला तर बाकी तिन्ही गोष्टी मी पस्तीस वर्षं ओळखत होतो. त्यांतली एक माझ्या टेबलावर होती.

मी उठलो, कप उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला. अक्का नेहमी उजव्याच हातात देत, तेही आत्ताच आठवलं.

नानांनी एक घोट घेतला. "थंडा व्हयी गया."

मी म्हटलं, "नाना, डाव्या डोळ्याने किती दिसतं?"

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग म्हणाले, "तुले कोनी सांगं?"

"लायनरने."

नाना हसले. त्यांना हसताना मी पुष्कळदा पाहिलं होतं. या वेळी खांदेही खाली आले. मग त्यांनी सांगितलं. लग्नाला दुसरं वर्ष. बैल खुंट्याला बांधताना शिंग भुवईला लागलं. जखम भरली, डोळा दिसायला जसाच्या तसा राहिला, आतला उजेड गेला. त्याच वर्षी घरात ट्रॅक्टर आला होता आणि गावाची नांगरट त्यांच्याकडे येऊ लागली होती. त्यांनी डोळ्याचं फक्त अक्कांना सांगितलं.

"काना माणूसले आपलं वावर कोन देई, भाऊ? ट्रॅक्टर तर दूर राहिना. ती म्हने, मी बसस डावाकडे. लोक हसतीन ते हसोत." मग थांबून म्हणाले, "ती मना डोया व्हती."

वावरात डोळ्याची अडचण नव्हती. बांधाजवळ ते कायम उजवीकडेच वळत, दिसणाऱ्या बाजूला. रस्त्यावर डावी बाजू अक्का बघत. आणि तासाचं म्हणाल तर सुतार फळी सरळ आहे का ते बघताना एक डोळा मिटतो. नानांनी तो चौपन्न वर्षं मिटलेला ठेवला होता.

मी विशेषणं खोडत आलेला माणूस आहे. त्या दुपारी माझ्याकडे योग्य शब्द नव्हता आणि आजही नाही. एक माणूस आणि एक बाई यांनी पन्नासहून जास्त वर्षं चार डोळ्यांचं काम तीन डोळ्यांत भागवलं. सगळ्या पंचक्रोशीने ते रोज पाहिलं आणि त्यावर फक्त विनोद केला. विनोद ऐकून हसणाऱ्यांत तालुक्याचा बातमीदार होता.

पण आता माझ्यासमोर वेगळा प्रश्न होता. ब्रेक होणार होते. ब्रेक झाले की नाना ट्रॅक्टर चालवणार, आणि डावं मडगार्ड रिकामं होतं. दिलीपला सांगितलं तर तो संध्याकाळीच भंगारवाल्याला फोन करील. न सांगितलं आणि काही झालं तर ती बातमी कशी लिहितात ते मला ठाऊक होतं. ब्रेक निकामी झाल्याने.

मी नानांना म्हटलं, "काम करतो. पण रस्त्यावर तुम्ही चालवायचा नाही. वावरात चालवा, खळ्यात ठेवा. रस्त्यावर दिलीप नेईल. आणि दिलीपला तुम्ही स्वतः सांगायचं."

"अन् नही सांगं ते?"

"तर हे शू असेच पोत्यावर राहतील."

नानांनी कप खाली ठेवला, उजवीकडे. "अक्का पन असीच बोले," ते म्हणाले. "कर काम."

दोन दिवस लागले. शूच्या मधल्या भोकापासून सुरुवात करून कडेकडे रिव्हेट मारत जायचे, नाही तर लायनर मध्ये फुगतो. प्रत्येक रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत बुडालं पाहिजे. कडा कानशीने तिरप्या करायच्या, म्हणजे ब्रेक एकदम आवळत नाही. अक्षाचं ऑइल सील पाझरत होतं, ते बदललं, कारण तेल लागलेला लायनर म्हणजे साबण. मग चाकं चढवली आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. हे काम मी आयुष्यात हजारदा केलं असेल. या वेळी हात हळू चालत होता. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत खटका लावून ट्रॅक्टर पळवला आणि दोन्ही पायडलं दाबली. मातीत दोन चाकांच्या घसटीच्या खुणा उमटल्या. मी टेपने मोजल्या. दोन्ही सारख्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिलीप न्यायला येणार होता. त्याचा फोन आला की केळीची गाडी भरायला लागली आहे, तो थेट वावरात भेटेल, ट्रॅक्टर मी पोचवावा. मी चालवायला चढणार तेवढ्यात नाना म्हणाले, "एक डाव. आखरी. तू बैस डावाकडे."

दोन दिवसांपूर्वी मी घातलेली अट मीच मोडली. हे मी इथे नोंदवतो, समर्थन करत नाही. डाव्या मडगार्डवर बसलो. रंग उडालेल्या जागेवर पत्रा थोडा दबलेला आहे, ते बसल्यावरच कळतं. अकरा किलोमीटर आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो. मोठ्या रस्त्याचा फाटा आला. डावीकडून एक ट्रक गेला, मग एक मोटारसायकल, मग काही नाही. मी म्हटलं, "मोकळं आहे, नाना."

ट्रॅक्टर हलला नाही.

मी परत बघितलं. लांबवर रस्ता रिकामा. "नाना, मोकळं आहे. चला."

नाना समोर बघत होते. दोन्ही पाय पायडलांवर. म्हणाले, "आसं नही."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी डावीकडे पुन्हा एकदा नीट, पूर्ण रस्ता बघितला आणि मोठ्याने म्हणालो, "मोकयं शे!"

नानांनी क्लच सोडला.

वावरात दिलीप आधीच येऊन उभा होता. आपल्या बापाला ट्रॅक्टरवर आणि मला मडगार्डवर बघून त्याचा चेहरा तापला. "भाऊ, तुम्हीसुद्धा?" नाना उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "दिलीप, डावा डोयानी माले दिसत नही. तुन्हा जनमना पहिलेपासून." एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी सांगून टाकलं. बातमी असावी तर अशी.

दिलीप ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला आला. मग म्हणाला, "लहानपणी मी डावीकडे बसायला रडायचो. आई उठायचीच नाही. मला वाटायचं, तिला मी उजवीकडेच बरा वाटतो." त्याने मडगार्डच्या त्या जागेवर तळवा ठेवला आणि काढून घेतला. "आणि हाच ट्रॅक्टर भंगारात मी..."

"तास काढू का?" नानांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी दिलीपला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. दिलीपने समोरच्या बांधावर जाऊन चिंधीची काठी रोवली.

निघण्याआधी मी नानांना विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. ते म्हणाले, "नाव नको लिखू. अन् पहिले तास लिख, मंग डोया. उलटं लिखशी ते लोक तास देखावतच नहीत." म्हणून मी या लेखात वावरापासून सुरुवात केली. नाना अजून आहेत. ट्रॅक्टर खळ्यात आहे आणि रस्त्यावर दिलीप चालवतो. तो जुना डावा लायनर मी नानांना परत दिला. तो त्यांनी देवळीत अक्कांच्या फोटोखाली ठेवला आहे.

त्या सकाळचा पहिला तास मी पूर्ण पाहिला. फाळ जमिनीत गेला, काळी माती उलटून चमकायला लागली आणि ट्रॅक्टर चिंधीच्या दिशेने लहान लहान होत गेला. टोकाला उजवं चाक थांबलं, नवे लायनर आवाज न करता लागले, ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. तास सरळ आला की नाही ते बघायला दिलीप आमच्या बाजूच्या बांधावर उकिडवा बसला. रेघ नीट दिसावी म्हणून त्याने नकळत एक डोळा मिटला. डावा.

मग त्याच्या ते लक्षात आलं. तो तसाच बसून राहिला. डोळा उघडायला त्याला बराच वेळ लागला.